गोळ्यांनंतर उरलेली उदासी मोबाइलवर जाते का?

प्रश्न : दीड वर्षापूर्वी मला डिप्रेशन असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्यांनी रडणं थांबलं, झोप लागते, अंगणवाडीचं कामही करते. पण सकाळी उठावंसं वाटत नाही, कशात जीव रमत नाही, डोक्यात तेच ते दळण चालू असतं. पुण्यातला भाचा म्हणतो, 'मावशी, ऑनलाइन माइंडफुलनेस कर.' बुलढाण्याला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. मोबाइलवर हे खरंच होतं का? की सरळ विपश्यनेला जाऊ?
— एक वाचक, मेहकर तालुका

उत्तर : ताई, भाच्याच्या बोलण्यात तथ्य आहे. फक्त त्याच्या मनातलं अॅप आणि संशोधकांनी पारखलेला उपचार एकच असेल, असं नाही.

आधी तुमच्या तक्रारीचं बघू. 'कामाला जाते ना, मग झाली की बरी,' असं घरी ऐकावं लागत असेल. पण ही मागे राहिलेली उदासी किरकोळ नसते. केंब्रिजच्या यूजीन पायकेल यांच्या गटाने १९९५ मध्ये बऱ्या झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यात लक्षणं उरली होती, त्यांच्यापैकी ७६ टक्के लोकांचा आजार उलटला; ज्यांच्यात उरली नव्हती, त्यांच्यापैकी २५ टक्क्यांचा. अभ्यास लहान होता, पण त्याचा इशारा स्पष्ट होता. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर नुसतं 'बरं आहे' म्हणून उठू नका. कधी गोळीचा डोस कमी पडत असतो, तर कधी थायरॉइड किंवा अंगात रक्त कमी असणं हे कारण निघतं.

आता माइंडफुलनेस. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला, तो ताण आणि जुनाट दुखण्यांसाठी. पुढे झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तिघांनी त्यावरून वारंवार उलटणाऱ्या डिप्रेशनसाठी वेगळी पद्धत बसवली. पहिल्याच वर्गात हातावर एक मनुका ठेवतात. ती बघायची, हुंगायची, सावकाश चावायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण मन कुठे भरकटलं हे आपलं आपल्याला कळण्याची ती तालीम असते. 'माझ्याच्यानं काही होत नाही' असं मनात आलं, की त्याच्याशी वाद घालायचा नाही. असा विचार आला, एवढं ओळखायचं आणि श्वासाकडे परतायचं. दळण लगेच थांबत नाही, तुम्ही जात्यावरून उठायला शिकता.

हेच धडे ऑनलाइन दिले तर? सेगल, सोना डिमिजियन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत अगदी तुमच्यासारखी लक्षणं उरलेल्या ४६० जणांवर हे करून पाहिलं. निष्कर्ष २०२० मध्ये आले. निम्म्यांचे नेहमीचे उपचार चालू राहिले, उरलेल्यांना त्या उपचारांसोबत आठ ऑनलाइन धडे मिळाले. साधारण सव्वा वर्षात पहिल्या गटात २३ टक्के लोकांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात १३.५ टक्के. लक्षणं मोजण्याच्या २७ गुणांच्या प्रश्नावलीत मात्र दोन्ही गटांमधला सरासरी फरक जेमतेम एका गुणाचा होता. म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही. आणि जाहिरातीत सहसा न येणारी गोष्ट अशी, की धडे घेणाऱ्यांच्या मागे फोन आणि ईमेलवरून विचारपूस करणारं प्रशिक्षित माणूस होतं. गोळ्या सोडून अॅप लावा, असं तिथे कुणालाही सांगितलं नव्हतं. तुम्हीही मनाने गोळ्या सोडू नका.

असं माणूस मेहकरला बसून कुठून आणायचं? १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. तिथे आठ आठवड्यांचा वर्ग मिळणार नाही, पण समुपदेशन मिळेल. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर धडे, अॅप सगळं बाजूला ठेवून आधी घरच्यांना सांगा आणि हा नंबर लावा.

ध्यान प्रत्येकाला मानवतं असंही नाही. डोळे मिटल्यावर छाती भरून येत असेल तर जबरदस्ती करू नका. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी दुसरा रस्ता धरला. मन न्याहाळण्याऐवजी आवडीची, सुटलेली कामं थोडी थोडी पुन्हा सुरू करायची. २०१७ मध्ये छापलेल्या निकालांनुसार तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते. हे समुपदेशन न मिळालेल्यांमध्ये ३९ टक्के. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातही 'विश्राम' उपक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना तयार केलं, तेव्हा ३० गावांत डिप्रेशनसाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. सकाळी उठणंच जड जात असेल, तर मी आधी सुटलेली कामं पुन्हा सुरू करण्याचा हा गोव्याचा रस्ता धरायला सांगेन आणि ध्यानाचे धडे नंतर जोडेन.

विपश्यना आत्ता नको. दहा दिवस मौन आणि रोज सुमारे दहा तास ध्यान. मूळ झरा माइंडफुलनेसचाच असला तरी हा डोस फार मोठा आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना ही शिबिरं सुचवली जात नाहीत. पुढे कधी इगतपुरीचा किंवा दुसरीकडचा अर्ज भरलाच, तर आजार आणि गोळ्यांची माहिती लपवू नका, आणि त्याआधी गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या.