पाच आजार, चार डॉक्टर आणि एक कागद

डोंबिवलीत सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या घरातला औषधांचा डबा उघडून बघा. शुगरच्या दोन गोळ्या, बीपीची एक, थायरॉइडची, कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ करणारी, ॲसिडिटीची, कॅल्शियम, शिवाय गुडघे फारच धरले तर घ्यायची म्हणून ठेवलेली एक. शुगर एक डॉक्टर बघतात, हृदय दुसरे, गुडघे तिसरे आणि क्रिएटिनिन वाढल्यापासून किडनीचे चौथे. चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात. एकाची गोळी दुसऱ्याच्या गोळीसोबत चालेल का, हे मात्र चौघांपैकी कोणाकडेच नेमून दिलेलं काम नसतं. ते घरच्यांनाच अंगावर घ्यावं लागतं. कसं घ्यायचं, ते सांगतो.

आधी सगळं टेबलावर ओता. एखाद्या रविवारी सकाळी, चष्मा लावून. फ्रिजच्या दारातलं इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब, देवघराशेजारचं चूर्ण, वैद्यांचा काढा, होमिओपॅथीच्या बाटल्या, पर्समध्ये पडलेली दुखण्याची गोळी आणि गुडघ्याला चोळायचं जेल, सगळं. ‘ते काय औषध आहे का?’ असं ज्याबद्दल घरात विचारलं जातं, ते तर आधी. मुदत संपलेलं बाजूला काढा.

आता प्रत्येक स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. समोर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. आपल्याला हवा तो घटक आणि त्याचे मिलिग्रॅम. घोळ इथेच सापडतात. एका स्ट्रिपमध्ये टेल्मिसार्टन ४०, दुसरीत टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन एकत्र. दुसरी गोळी पहिलीच्या बदली दिलेली असते, पण पहिली बंद करायची हे कोणी ऐकलेलं नसतं, आणि दोन्ही चालू राहतात. असं दिसलं तर स्वतःच्या मनाने कुठलीही बंद करू नका. पेनाने गोल करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. एक सवयही लावून घ्या. गोळ्या काढताना ज्या टोकाला नाव आणि मुदत छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत राहू द्या. नाव कापून गेलेल्या चार गोळ्यांचा तुकडा कोणालाच ओळखता येत नाही.

मग कागद करा. ए-फोर आकाराचा एकच, आडवा. वर नाव, वय, वजन, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते, आणि आजार कोणत्या सालापासून आहेत ते. स्टेंट, बायपास, मोठं ऑपरेशन असेल तर साल घालून. त्याखाली शेवटच्या तपासण्यांतले तीनच आकडे तारखेसह: क्रिएटिनिन, पोटॅशियम, एचबीए१सी. मग रकाने: घटकाचं नाव, मिलिग्रॅम, कशासाठी, कोणी दिलं, कधीपासून, किती वाजता. औषधांची नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहा, कारण ती केमिस्ट आणि डॉक्टर वाचणार आहेत. बाकी सगळं मराठीत, कारण ते आजी-आजोबांना वाचायचं आहे. कोपऱ्यात आजची तारीख घाला. औषध बदललं की खाडाखोड न करता नवा कागद करा आणि जुना फाडून टाका. फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, एक प्रत पाकिटात, एक फ्रिजवर.

‘कशासाठी’ हा रकाना भरताना बहुतेक घरी पेन थांबतं. दोन-तीन गोळ्या कशाच्या आहेत ते कोणालाच सांगता येत नाही. तिथे प्रश्नचिन्ह काढा. डॉक्टरांकडे गेल्यावर बोलायला सुरुवात त्याच ओळींपासून करायची.

वेळेच्या रकान्यावर थोडं जास्त रेंगाळा. आपल्याकडे सकाळच्या चहाबरोबर मूठभर गोळ्या एकदम घ्यायची पद्धत आहे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर ती अंगाला लागतच नाही आणि टीएसएच वाढला म्हणून डोस वाढत राहतो. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी समोर नाश्ता आला की घ्यायची. ती घेऊन पोह्यांची वाट बघत बसायचं नाही. लघवी वाढवणारी बीपीची गोळी शक्यतो सकाळी, म्हणजे रात्री तीनदा अंधारात बाथरूमकडे जाताना पाय घसरायचा धोका कमी. ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ लिहिलेली गोळी विचारल्याशिवाय अर्धी करू नका, कुटू नका.

एक डॉक्टर मुख्य ठरवा. कागद कितीही चांगला केला तरी तो पूर्ण वाचणारं माणूस लागतं. सगळ्यांत मोठ्या डिग्रीचे डॉक्टर हवेत असं नाही. चालत किंवा एका शेअर रिक्षात गाठता येतील आणि किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठीही उघडून बघतील असे हवेत. बऱ्याच घरांत ते जुने फॅमिली डॉक्टरच असतात. त्यांना फक्त कोणी स्पष्ट विचारलेलं नसतं. संध्याकाळी आठ वाजता बाहेर पंधरा जण ताटकळत असताना हे काढू नका. आधी फोन करून शांत वेळ मागा, फी वेगळी द्या आणि सरळ म्हणा: ‘डॉक्टर, आज नवीन काही दुखत नाहीये. सगळी औषधं एकत्र बघून द्या.’

महापालिकेच्या दवाखान्यात जाणाऱ्यांनाही हे जमतं, फक्त कागदावर भिस्त जास्त ठेवावी लागते. डोंबिवलीचं शास्त्रीनगर असो की कल्याणचं रुक्मिणीबाई, दर वेळी तेच डॉक्टर भेटतील असं धरून चालता येत नाही. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे, त्यामुळे बरेच विभाग एका आवारात मिळतात. तिथे एका विभागाचा केसपेपर दुसऱ्या विभागात न चुकता दाखवा.

मुख्य डॉक्टरांना काय विचारायचं? पहिला प्रश्न दुखण्याच्या गोळीचा, कारण किडनीचं नुकसान त्या दारानेही आत येऊ शकतं. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलच्या जातीची बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यात डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, ही तीन एकत्र आली की किडनी अचानक दमू शकते. पहिल्या दोन डॉक्टरांनी लिहिलेल्या असतात; तिसरी आपण केमिस्टकडून ‘गुडघ्यासाठी काहीतरी द्या’ म्हणून आणतो. दुखलं तर काय घ्यायचं, किती आणि किती दिवस, ते विचारून कागदावर लिहून घ्या.

दुसरा प्रश्न खाण्यापिण्याचा. शुगरवाल्यांनी सांगितलेलं पथ्य आणि किडनीवाल्यांनी सांगितलेलं पथ्य एकमेकांवर आदळतं. अशक्तपणा वाटला की आपण नारळपाणी आणतो, आणि बीपीसाठी ‘लो सोडियम’ मीठ. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. किडनी अधू असेल आणि सोबत टेल्मिसार्टन चालू असेल, तर हाच पौष्टिकपणा हृदयाच्या ठोक्यांवर येऊ शकतो. पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवा आणि मग नारळ फोडा.

तिसरा प्रश्न विचारायला लोक घाबरतात: ‘यातली कुठली कमी करता येईल?’ यात उद्धटपणा काही नाही. सिंथिया बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अमेरिकेत एक काल्पनिक रुग्ण कागदावर उभी केली. वय ७९, मधुमेह, रक्तदाब, फुफ्फुसाचा जुनाट विकार, ठिसूळ हाडं आणि झिजलेले सांधे. प्रत्येक आजाराचे छापील नियम तंतोतंत पाळले तर या बाईंना १२ औषधं घ्यावी लागत होती, आणि एका आजाराचा सल्ला दुसऱ्याला बाधत होता. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये अनेक आजार असलेल्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. उपचारांचंच ओझं किती होतंय ते माणसाला विचारा, असं त्यांत आहे. ऐंशीच्या आजींची शुगर चाळिशीतल्या माणसाइतकी कडक ठेवायची का, हा प्रश्न त्यातलाच. चक्कर येऊन पडल्या तर खुब्याच्या हाडाचं दुखणं शुगरपेक्षा महाग पडतं.

तपासण्या आणि खेपा एकत्र बांधा. तीन डॉक्टर तीन चिठ्ठ्या देतात आणि आपण तीनदा सुई टोचून घेतो. तिन्ही चिठ्ठ्या लॅबवाल्यापुढे ठेवा. एका उपाशीपोटीच्या रक्तात बहुतेक सगळं होतं. लॅब शक्यतो एकच ठेवा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. त्या दिवशी शुगरची गोळी खायला बसेपर्यंत घेऊ नका. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन मधुमेहींनी वर्षातून एकदा बघून घ्यायचंच. पाय दाखवायचे राहून जातात, तेव्हा मोजे काढूनच तपासायला बसा.

सायन किंवा केईएमला जायचं असेल तर डोंबिवलीहून सुटणारी धीमी लोकल धरा. फास्ट गाडी सायनला आणि परळला थांबत नाही; गुडघे धरलेल्या माणसाला कुर्ल्याचा किंवा दादरचा जिना चढवून दहा मिनिटं वाचवण्यात अर्थ नाही. पिशवीत पाणी, दोन चपात्या, साखर आणि तो कागद.

बिघाडाच्या दिवसांसाठी कागदाची मागची बाजू ठेवा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि पोटात पाणी टिकेना, तर मेटफॉर्मिन, लघवीची गोळी, टेल्मिसार्टन यांतलं काय थांबवायचं आणि परत कधी सुरू करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. इन्सुलिनबद्दलही वेगळं विचारा. ते आपल्या मनाने बंद करायचं नसतं. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांचंही असंच. ‘उपवास करते, पण गोळी चुकवत नाही’ हे कौतुकाने सांगितलं जातं, आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी होईपर्यंत शुगर खाली येऊन बसते. घाम, थरथर, बोलण्यात घोळ दिसला की मोजा. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. मशीन हाताशी नसेल तर आधी साखर. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा. बीटा-ब्लॉकर जातीची हृदयाची गोळी चालू असेल तर छातीतली धडधड जाणवत नाही. तिथे घामाकडे लक्ष ठेवायचं.

पावसाळ्यासाठी मे संपता संपता दोन आठवड्यांची औषधं जास्तीची घेऊन ठेवा. २६ जुलै २००५चा पूर ज्यांनी कल्याणला काढला त्यांना कारण सांगायला नको. महावितरणची वीज दिवसभर गेली तरी चालू असलेल्या इन्सुलिनचं लगेच बिघडत नाही. उघडलेली बाटली उन्हा-उष्म्यापासून दूर साधारण चार आठवडे चालते. न उघडलेल्या फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला टेकवून नको.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी २०२४च्या ऑक्टोबरपासून मिळणारं आयुष्मान कार्ड, दोन्हींत वर्षाला ५ लाखांपर्यंत सोय आहे. पण ती दाखल झाल्यावरची. दर महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. त्यासाठी कागदावरची घटकांची नावं घेऊन जनऔषधी केंद्रात जा. फक्त ब्रँड बदलला की त्याच दिवशी जुनी स्ट्रिप डब्यातून काढा.

दवाखान्यातून घरी आल्यावर डबा लगेच भरू नका. डिस्चार्ज कार्डावर नवी औषधं ठळक असतात. जुनी चालू ठेवायची की बंद, याबद्दल बहुधा एक अक्षर नसतं. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘विचारायचं’ असं लिहा. ‘विचारायचं’च्या ओळी घेऊन दुसऱ्याच दिवशी मुख्य डॉक्टरांना फोन करा. त्यांचं उत्तर आलं की नवा कागद लिहा, ‘बंद’ झालेल्या स्ट्रिप्स घराबाहेर काढा आणि मगच डबा भरा.