वर्दी उतरल्यावर तरी बोला

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातला माजी सैनिक. हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. मी समलिंगी आहे, आणि ही गोष्ट नोकरीभर कोणाला कळू दिली नाही. आता कपाशी-सोयाबीन करतो आणि सकाळी भरतीसाठी धावणाऱ्या पोरांचा सराव घेतो. त्या पोरांतही कोणी माझ्यासारखा असेल. त्याच्यासाठी आणि माझ्या माजी सैनिक भावांसाठी हे अनुभवाचे बोल.

१. गप्प राहण्याला शिस्त म्हणू नका

बराकीत सुट्टीवरून परतलेला जवान ट्रंकेच्या झाकणाला आतून बायकोचा फोटो चिकटवायचा. माझ्या झाकणाला पांडुरंग होता. रात्री गप्पा बायकापोरांवर आल्या की मी बूट पॉलिश करायला घ्यायचो. गस्त, फायरिंग, बर्फातली पोस्ट, कशातही कमी पडलो नाही. शेजारच्या मोर्चातला गडी जागा सोडणार नाही, एवढा भरवसा फौजेला पुरतो. तो भरवसा मी दिला. तरीही साध्या गप्पांत रोज सांभाळून बोलावं लागायचं. त्या ताणाने माणूस आतून झिजतो आणि त्यात देशाचं काहीच भलं होत नाही.

२. कायदा पूर्ण वाचा

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. पण वर्दीतल्या माणसाची वाट तिथे मोकळी झाली नाही. संविधानाच्या कलम ३३ नुसार संसद सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू शकते. सेना कायदा १९५० च्या कलम ४६ मध्ये ‘अनैसर्गिक’ वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. अधिकारी आणि जेसीओंसाठी अशोभनीय वर्तनाचं कलम ४५ वेगळं. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपीन रावत यांनी फौजेत समलिंगी संबंध चालणार नाहीत, असं स्पष्ट सांगितलं. म्हणून भरतीच्या पोराला मी आधी कायदा समजावतो. शूर असण्याबरोबर सावध असणंही लागतं.

३. हक्क शेवटी कागदावर उतरावा लागतो

जवानाचं लग्न झालं की पार्ट टू ऑर्डर निघते, किंडर्ड रोलमध्ये, म्हणजे कुटुंबाच्या नोंदीत, बायकोचं नाव चढतं. मग ईसीएचएस या आरोग्य योजनेचं कार्ड, पीपीओवर म्हणजे पेन्शनच्या आदेशावर नाव, मागे कौटुंबिक पेन्शन, सगळं त्या एका ओळीवर चालतं. माझ्या रोलमध्ये त्या ओळीवर आडवी रेघ आहे. माझ्या आजारपणात रात्ररात्र जागणारा माणूस फौजेच्या लेखी माझा कोणी नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, म्हणून ती रेघ अजून तशीच आहे. जे मिळतंय ते मात्र सोडू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने खुलासा केला, की समलिंगी जोडीदारासोबत संयुक्त बँक खाते उघडता येतं आणि त्याला नॉमिनीही करता येतं. स्वकष्टाच्या मालमत्तेचं मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, जमलं तर नोंदवून ठेवा. उद्या भाऊबंदकी उभी राहिली तर हाच कागद कामी येईल.

४. हा लढा माजी सैनिकांनीच पुढे न्यायचा

सेवेतल्या जवानाला मोर्चात जाता येत नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्रात लिहिताही येत नाही. त्याच्या वतीने बोलायची जबाबदारी आपोआप आपल्यावर येते. अमेरिकेत व्हिएतनामच्या लढाईत पदकं मिळवलेला हवाई दलाचा सार्जंट लेनर्ड मॅटलोविच याने १९७५ मध्ये वरिष्ठांना स्वतःहून पत्र लिहून आपण समलिंगी असल्याचं कळवलं. त्याला काढून टाकलं, पण प्रश्न देशभर गेला. इराकमध्ये सेवा केलेल्या डॅन चोईने २०१० मध्ये वर्दीतच व्हाइट हाउसच्या कुंपणाला स्वतःला बेड्यांनी जखडून घेतलं. २० सप्टेंबर २०११ रोजी तिथली उघड समलिंगी सैनिकांवरची बंदी संपली. ब्रिटनमध्ये जनेट स्मिथ, ग्रेम ग्रेडी आणि इतर बडतर्फ सैनिक युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले, १९९९ मध्ये जिंकले, आणि जानेवारी २००० मध्ये बंदी उठली. २०२३ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी त्या बंदीबद्दल संसदेत माफी मागितली. आपल्याकडे निवृत्त मेजर जे. सुरेश २०२० मध्ये उघडपणे बोलले. त्यांच्यावरून सुचलेल्या दिग्दर्शक ओनीर यांच्या चित्रपटाच्या पटकथेला संरक्षण मंत्रालयाने २०२२ मध्ये परवानगी नाकारली. तरी मेजरसाहेबांचं बोलणं वाया गेलं नाही. माझ्यासारख्याला त्यातूनच धीर आला.

५. आपल्या माणसांना संधी द्या

‘काहून लग्न नाही केलं रे भाऊ?’ या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं ‘जमलं नाही’ म्हणत आलो. शेवटी थोरल्या बहिणीला खरं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, ‘त्याले जेवायले घेऊन ये.’ आपलाच जिल्हा बघा. ३७७ चा निकाल लागायच्या आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, यवतमाळच्या एका तरुणाने शहरातल्या हॉटेलात नातेवाईक आणि मित्रांसमोर आपल्या जोडीदाराशी लग्न केलं. नागपुरात सारथी ट्रस्टसारखी संस्था वर्षानुवर्षं आपल्यासारख्या माणसांसाठी काम करते आहे. गाव लगेच बदलत नाही, पण आपल्या घरापासून सुरुवात करता येते.

माजी सैनिक भावांनो, २०१५ मध्ये ‘वन रँक वन पेन्शन’साठी आपले लोक जंतर मंतरवर बसले आणि त्या सप्टेंबरात सरकारला घोषणा करावी लागली. आपण एकत्र आलो की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आता आपल्या संघटनांच्या बैठकीत दोन ठराव मांडा : संमतीच्या समलिंगी संबंधांसाठी कलम ४५ आणि ४६ चा वापर होऊ नये, आणि किंडर्ड रोलमध्ये जोडीदाराचं नाव लिहिता यावं. ठरावाला अनुमोदन द्यायला समलिंगी असायची गरज नाही. सोबत पहारा दिलेल्या माणसाची बाजू घेण्याची तयारी तेवढी हवी.