पाळणाघरातील मुलांची ने-आण : विमा व जबाबदारी

वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत शेजारीण मूल सांभाळी. ते कडेवर वा बोट धरून येई. मुलांची मोटारीतून ने-आण सुरू होताच कायद्याचा संबंध येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमान्वये त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. परंतु खासगी गाडीतून भाडे घेऊन मुले नेल्यास परवान्याच्या नियमाचा व विम्याच्या अटींचा भंग होतो. मग अपघातात नुकसानभरपाईचा भार वाहनमालकावर पडू शकतो. पालकांच्या संमतिपत्राने ही जबाबदारी टळत नाही. गावात जीपने शाळेत येणाऱ्या मुलांसही हेच लागू आहे. म्हणून शिक्षकांनी पालकसभेत प्रवासी परवाना, चालू विमापत्र, चालकाचा परवाना व आसनसंख्या या चार गोष्टी पाहून घेण्यास सांगावे.