उपाहारगृहाचा गल्ला आणि नवा हिशेब

मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलात गिऱ्हाईक उठून दाराकडे निघाले, की पोऱ्या आतूनच मोठ्याने आकडा पुकारीत असे. टोपीवाल्याचे इतके, मागून येणाऱ्या चष्मेवाल्याचे इतके, असा तो पुकारा ऐकून गल्ल्यावर बसलेला मालक तेवढे पैसे घेई. चार मेजांवर कोणी काय खाल्ले हे पोऱ्याच्या डोक्यात असे, आणि गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंतच ते तेथे राहावे लागे. गिरणगावातील खानावळीत याच्या उलट व्यवहार होता. तेथे जेवणारा कामगार पगार झाल्यावर पैसे देई. तोपर्यंतचा हिशेब खानावळवालीच्या वहीत राही. बंगळूरमध्ये १९८० नंतरच्या दशकात पसरलेल्या ‘दर्शिनी’ उपाहारगृहांनी तिसरी रीत रूढ केली. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, कूपन घ्यायचे, ते भटारखान्याच्या खिडकीवर द्यायचे आणि इडली-वड्याची बशी घेऊन उभ्यानेच खायचे.

या तिन्ही रीती भिन्न असल्या, तरी त्यांच्यात एक गोष्ट समान होती. कोणी काय खाल्ले, किती पैसे दिले आणि दिवसाअखेर गल्ल्यात किती जमले, हे त्या चार भिंतींच्या आतील माणसांनाच ठाऊक असे. भारतातील उपाहारगृहांत गेल्या दहा वर्षांत जो बदल झाला, त्याचे वर्णन सामान्यतः सोय, वेग आणि स्वच्छता या शब्दांत केले जाते. ते खोटे नाही. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हिशेब आता त्या भिंतींच्या बाहेर गेला आहे.

बदलाचा आरंभ स्वयंपाकाशी काहीही संबंध नसलेल्या क्षेत्रात झाला. २००८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ११ एप्रिल २०१६ रोजी ‘यूपीआय’ ही व्यवस्था प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याने मोजल्यास चलनातील सुमारे ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद ठरल्या. दहा रुपयांचा चहा पिऊन दोन हजारांची नवी नोट पुढे करणाऱ्या गिऱ्हाइकाला मोड कोठून द्यावी, हा प्रश्न तेव्हा प्रत्येक टपरीवर उभा राहिला. तसे पाहिले तर सुट्या पैशांची टंचाई हॉटेलवाल्यांना नवी नव्हती; रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवण्याची पद्धत त्यातूनच आली होती.

यूपीआयची रचना समजण्यास कठीण नाही. गिऱ्हाईक फोनच्या कॅमेऱ्याने दुकानाचे चौकोनी ‘क्यूआर’ चिन्ह वाचते, रक्कम भरते आणि आपला गुप्त क्रमांक देते. विनंती कॉर्पोरेशनच्या यंत्रणेमार्फत त्याच्या बँकेकडे जाते. ती बँक खात्यातून रक्कम वजा करते आणि दुकानदाराच्या बँकेत ती जमा होते. बँकांचा आपसांतील हिशेब मागाहून भागविला जातो. हे चिन्ह मुळात जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाले होते. चहाच्या टपरीला त्याचे आकर्षण अशासाठी की, त्याला यंत्र लागत नाही. छापलेला कागद पुरतो. शिवाय १ जानेवारी २०२० पासून अशा व्यवहारांवर दुकानदाराकडून आकार घेणे बंद झाले. देशभरात सर्व कारणांसाठी होणाऱ्या यूपीआय व्यवहारांची संख्या ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याला १०० कोटींवर गेली, ऑगस्ट २०२३ मध्ये १,००० कोटींवर आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींवर.

पैसे खरोखर जमा झाले की नाही, हे गर्दीच्या वेळी गल्ल्यावरच्या माणसाने कसे ओळखावे? पैसे दिल्याचे खोटे चित्र फोनवर दाखवून पसार होणारे लोक लवकरच निघाले. दुकानाच्या चिन्हावर आपले चिन्ह चिकटविणारे भामटेही निघाले. म्हणून रक्कम जमा होताच ती मोठ्याने उच्चारणारी लहान पेटी गल्ल्यावर आली. इराणी हॉटेलातील पुकाऱ्याचे काम आता ही पेटी करते. मात्र तिला टोपी किंवा चष्मा दिसत नाही, ती केवळ आकडा जाणते. लागोपाठ तिघांनी वीस-वीस रुपये दिले, तर कोणते वीस कोणाचे, हे शेवटी माणसालाच पाहावे लागते.

पदार्थ मागविण्याच्या रीतीत बदल झाला तो साथीमुळे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. ८ जूनपासून उपाहारगृहे उघडण्यास परवानगी मिळाली, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्पर्शाविना मागणी घेणे, फोनवरून पैसे स्वीकारणे आणि पदार्थांची यादी एकदा वापरून टाकता येईल अशी ठेवणे, अशा सूचना दिल्या. मेजावर चिकटविलेले क्यूआर चिन्ह हे त्या सूचनांचे सर्वांत स्वस्त उत्तर होते. चिन्ह वाचले की यादी फोनवर उमटते. निवड केली की भटारखान्यातील छापयंत्रातून चिठ्ठी निघते. मालकाला यात उघड लाभ आहे. दर बदलला तर यादी पुन्हा छापावी लागत नाही, संपलेला पदार्थ यादीतून काढता येतो, आणि मसाला डोसा मागविणाऱ्यापुढे साधा डोसा आला हा वाद कमी होतो.

तथापि साथ ओसरल्यावर अनेक ठिकाणी छापील यादी परत आली. याचे कारण जुन्याचे प्रेम एवढेच नव्हते. यादी बहुधा इंग्रजीत असते, अक्षर बारीक असते, आणि वयस्क माणसाला कुटुंबातील तरुणाचा फोन मागून घ्यावा लागतो. साध्या फोनवरून पैसे देण्याची सोय मार्च २०२२ पासून झाली, परंतु मेजावरचे चिन्ह साधा फोन वाचू शकत नाही. शिवाय वाढपी हा केवळ निरोप्या नव्हे. कोणती भाजी सकाळची आहे, कोणता वडा आताच कढईतून निघाला, दोघांना एक थाळी पुरेल की नाही, हे तो सांगतो. यादी सांगत नाही. उडुपी पद्धतीच्या पुष्कळ हॉटेलांनी मधला मार्ग काढला आहे. वाढपी पूर्वीप्रमाणेच मेजापाशी उभा राहतो आणि ऐकलेली मागणी हातातील यंत्रात भरतो.

या वाढप्याच्या मिळकतीवर नव्या व्यवहाराचा जो परिणाम झाला, त्याची चर्चा फारच थोडी होते. बडीशेपेच्या बशीत बिल येई, गिऱ्हाईक नोट ठेवी, आणि परत आलेल्या मोडीतील नाणी बशीतच राहत. ती देणगी मोडीतून जन्मलेली होती. देणाऱ्याला तीसाठी वेगळा विचार करावा लागत नसे. फोनवरून बिलाची रक्कम रुपयापर्यंत नेमकी जाते आणि ती मालकाच्या खात्यात जाते. बशी रिकामी राहते. कोणी बक्षिशीची रक्कम बिलात मिळवून दिली, तरी ती वाढप्यापर्यंत पोहोचणे मालकाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. काही वाढपी स्वतःच्या फोनवरील चिन्ह पुढे करतात, पण ते मागण्यासारखे दिसते, आणि अनेक मालकांना ते खपत नाही. मोठी उपाहारगृहे बिलात सेवा-आकार जोडीत. तो ग्राहकावर लादता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ठरविले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय उचलून धरला. ग्राहकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण रोख नाणी आणि सेवा-आकार हे दोन्ही आटल्यावर पगाराखेरीज वाढप्याच्या हाती काय येते, हे कोणत्याही बिलावर छापलेले नसते.

हिशेब भिंतींबाहेर गेल्यावर तो कोणाच्या हाती पडतो, याचा पहिला मोठा कलह दिल्लीशेजारच्या गुरुग्राममध्ये झाला. झोमॅटो या कंपनीची ‘गोल्ड’ ही योजना वर्गणीदाराला उपाहारगृहात एका पदार्थाबरोबर दुसरा मोफत देत असे. वर्गणी कंपनीला मिळे; मोफत पदार्थाचा भार उपाहारगृहावर पडे. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील शेकडो उपाहारगृहांनी अशा सवलतींच्या योजनांतून अंग काढून घेतले आणि मालकांची राष्ट्रीय संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. भांडण वरवर सवलतीचे होते. मुळाशी प्रश्न असा होता की, नेहमी येणारे गिऱ्हाईक हे हॉटेलाचे की ज्याच्या यादीत त्याचे नाव आहे त्याचे? मालकही यात अगदी निर्दोष नाहीत. बिलासाठी फोन क्रमांक हवाच, असा आग्रह इतका वाढला की, मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला विक्रेत्यांना त्याविरुद्ध सूचना द्यावी लागली.

लहान टपरीवाल्याला मात्र या बदलाचा अर्थ २०२५ च्या जुलैत कळला, आणि तो बंगळूरमध्ये कळला. कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने २०२१-२२ पासूनच्या यूपीआय जमांचे आकडे पाहून हजारो लहान व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा पाठविल्या. त्यांत बेकरीवाले होते, चहावाले होते, भाजी-दूध विकणारेही होते. थोड्याच दिवसांत शहरातील अनेक दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या झळकल्या. व्यापाऱ्यांचे म्हणणे असे की, त्याच खात्यात घरचे पैसे येतात, नातलगांची उसनवार येते, आणि दुधासारख्या करमुक्त मालाची विक्रीही त्यात मिसळलेली असते. कर विभागाचे म्हणणेही टाकाऊ नव्हते. कायद्यातील मर्यादा जुनीच होती, दिसू लागली होती ती उलाढाल. व्यापाऱ्यांनी बंदची हाक दिली, तेव्हा नोंदणी करणाऱ्यांकडून जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, असे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले.

तयार खाद्यपदार्थ पुरविणे ही या कायद्यात सेवा मानली जाते, आणि सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे. दिवसाला ती सुमारे साडेपाच हजार रुपये पडते, म्हणजे पंधरा रुपयांची कॉफी असेल तर रोज ३६५ कप. वर्दळीच्या नाक्यावर हा आकडा अवघड नाही. याच बँक-नोंदी पाहून तारणाशिवाय कर्ज मिळण्याचा मार्गही लहान दुकानदाराला मोकळा होऊ लागला आहे, आणि ज्याला पूर्वी सावकाराचेच दार ठाऊक होते त्याच्या दृष्टीने हे थोडे नव्हे. नोंदणी केलेला लहान उपाहारगृहवाला सुलभ योजना स्वीकारू शकतो; तीत त्याने उलाढालीवर ५ टक्के कर भरावयाचा असतो, मात्र तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. पंधरा रुपयांच्या कपामागे ते पंचाहत्तर पैसे होतात. दर एक रुपयाने वाढवावा, दूध थोडे पातळ करावे, की शेजारच्या टपरीवर अजून रोखीची पाटी आहे म्हणून आपणही ती लावावी, हे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ठरवावे लागते.