देवाला ठाऊक होते, म्हणून घडले काय?



घरात अकस्मात मृत्यू झाला, मुलगा परीक्षेत अनुत्तीर्ण झाला, ठरलेला विवाह मोडला, की ख्रिस्ती घरांतही एक वाक्य सहज उच्चारले जाते : “देवाला हे आधीच ठाऊक होते.” हे वाक्य सत्य आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ दुसरे येते : “म्हणजे हे होणारच होते.” पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर येताना आपण नकळत पवित्र शास्त्राचा उंबरठा ओलांडून सटवाईच्या दारी जाऊन उभे राहतो. जन्मानंतर सहाव्या रात्री ती येते, बाळाच्या कपाळी काही लिहून जाते, आणि ते पुसणे मग कोणाच्याही हाती नसते, अशी आपल्याकडची समजूत. उत्तरेकडे यालाच किस्मत म्हणतात. आपण देवाचे नाव घेतो खरे, पण मनातला देव कपाळावर लिहिणारा तर नाही ना, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

प्रश्न सोपा नाही. देवाचे ज्ञान कधी चुकत नाही. मी उद्या खोटे बोलणार हे त्याला आज ठाऊक असेल, तर उद्या खरे बोलणे मला शक्य आहे काय? आणि शक्य नसेल, तर त्या खोट्याचा दोष माझा कसा?

लखनौमध्ये गोमतीच्या उत्तरेस निशातगंज ही गजबजलेली वस्ती आहे. तेथून जवळच, जुन्या फैजाबाद रस्त्यावर, चाँदबागेत इझाबेला थोबर्न महाविद्यालय आहे. परीक्षेच्या दिवसांत या भागातील एखाद्या ख्रिस्ती विद्यार्थिनीच्या मनात हा विचार येणे अगदी स्वाभाविक आहे : माझा निकाल देवाला ठाऊकच आहे, मग अभ्यास कशाला आणि प्रार्थना तरी कशाला? तिला उत्तर देण्यास त्या महाविद्यालयाचाच इतिहास पुरेसा आहे.

अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी जेम्स थोबर्न यांनी गिधाडाच्या पिसाची लेखणी करून आपल्या बहिणीला पत्र लिहिले, की येथील मुलींच्या शिक्षणासाठी तू येशील काय? इझाबेला तयार झाल्या; परंतु अविवाहित स्त्रियांना मिशनकार्यासाठी पाठविणारी संस्था त्यांच्या मंडळीत तेव्हा नव्हती. ती १८६९ च्या मार्च महिन्यात बोस्टन येथे स्थापन झाली. त्याच वर्षी इझाबेला निघाल्या, १८७० च्या जानेवारीत लखनौस पोहोचल्या, आणि १८ एप्रिल रोजी अमीनाबादच्या बाजारात सहा मुलींची शाळा उघडली. त्या शाळेचे पुढे महाविद्यालय झाले आणि १९२३ मध्ये ते चाँदबागेत आले. तत्पूर्वीच, १९०१ मध्ये, इझाबेला पटकीच्या आजाराने लखनौतच निवर्तल्या होत्या.

हे सर्व देवाला आधी ठाऊक होते काय? निःसंशय. पण पत्राच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते, आणि त्याचे उत्तर देवाने इझाबेलांच्या वतीने दिले नाही. त्यांनी होकार दिला म्हणून देवाला तो होकार पूर्वीपासून ठाऊक होता. देवाला ठाऊक होते म्हणून त्यांना होकार देणे भाग पडले, असे नव्हे. तिसऱ्या शतकात ओरिगेनने सेल्ससच्या आक्षेपांना उत्तर देताना यहूदा इस्कर्योताविषयी हाच मुद्दा मांडला होता : भाकीत झाले म्हणून विश्वासघात घडला नाही, तो घडणार होता म्हणून भाकीत झाले.

पवित्र शास्त्रात याचे एक सुरेख उदाहरण आहे, आणि उपदेशांत ते फारसे ऐकू येत नाही. १ शमुवेल २३:७-१३ पाहा. दावीद कईला नगरात आहे. शौल येथे येईल काय, असे तो परमेश्वराला विचारतो. येईल, असे उत्तर मिळते. कईलाचे लोक मला त्याच्या हाती देतील काय? देतील. मग दावीद काय करतो? नशिबाला बोल लावीत बसत नाही. आपली सुमारे सहाशे माणसे घेऊन निघून जातो. शौल मोहीम सोडून देतो, आणि सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एकही घडत नाही. देव चुकला काय? मुळीच नाही. दावीद तेथे राहिला असता तर काय झाले असते, हेही देवाला ठाऊक होते. ते ज्ञान त्याने दाविदाला बांधून ठेवण्यासाठी दिले नाही, सुटण्यासाठी दिले. सोळाव्या शतकात लुईस दे मोलिना या स्पॅनिश येशूसंघीय धर्मपंडिताने देवाच्या या ‘जर-तर’ जाणण्यावर आपली संपूर्ण मीमांसा उभारली. ती सर्वांना पटली नाही. पण कईलाची कथा त्या वादाहून जुनी आहे.

आता अडचणीचा भाग. देवाने काल जे जाणले, तो काल तर होऊन गेला; मग आज मी मोकळा कसा? सहाव्या शतकात मृत्युदंडाची वाट पाहत बंदिवासात असलेल्या बोएथियसने यावर विचार केला. त्याचे म्हणणे असे, की देवाला काल आणि उद्या नाहीत. सर्व काळ त्याच्यापुढे एकदम वर्तमान आहे. आषाढीच्या सुमारास दिवे घाटाच्या माथ्यावर उभा असलेला मनुष्य खालपासून वरपर्यंतची सारी दिंडी एका दृष्टीत पाहतो. दिंडीतल्याला मात्र पुढची चार माणसेच दिसतात. माथ्यावरच्याने पाहिले म्हणून कोणाचे पाऊल उचलले जात नाही. दृष्टान्त चांगला आहे, तरी माझ्या मते अपुरा आहे. कारण आपला देव माथ्यावरचा प्रेक्षक नाही. चालणाऱ्याच्या पायांत बळही तोच घालतो (फिलिप्पै २:१२-१३).

येथेच मंडळ्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. रोम ८:२९ मध्ये पौल ‘पूर्वी ओळखणे’ आधी आणि ‘पूर्वी नेमणे’ नंतर सांगतो. आर्मिनियस व जॉन वेस्ली यांच्या परंपरेने, म्हणजे लखनौच्या मेथडिस्टांनीही, याचा अर्थ असा घेतला की कोण विश्वास ठेवील हे देवाने आधी जाणले. कॅल्व्हिनच्या परंपरेतील भाष्यकार आमोस ३:२ कडे बोट दाखवून म्हणतात की तेथे ‘ओळखणे’ म्हणजे प्रीतीने निवडणे. आपल्या अहमदनगर व कोल्हापूरकडील जुन्या मिशनांचे मूळ या दुसऱ्या परंपरेत आहे. तेव्हा मराठी वाचकांत दोन्ही घरची माणसे असणार. वेस्ली आणि व्हाइटफील्ड या मित्रांत याच विषयावरून तीव्र मतभेद झाला. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड निवर्तल्यावर लंडनमध्ये स्मृतिप्रवचन वेस्लीनेच केले. एक गोष्ट मात्र दोन्ही घरांना मान्य आहे : पापाचा दोष देवाच्या माथी मारता येत नाही. लूक २२:२२ मध्ये ठरलेला मार्ग आणि विश्वासघातक्याची ‘हायहाय’ ही दोन्ही एकाच वचनात आहेत. प्रभूने एकासाठी दुसरे गाळले नाही.

आणि त्या विद्यार्थिनीच्या प्रार्थनेचे काय? मत्तय ६:८ मध्ये प्रभू म्हणतो की मागण्यापूर्वीच पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. आणि लगेच नवव्या वचनात प्रार्थना शिकवितो. आपल्याला जेथे अडसर दिसतो, तेथे त्याला प्रार्थनेचे कारण दिसते.

याच कारणासाठी पेत्राचा प्रसंग सावकाश वाचावा. कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला नाकारशील, हे प्रभू लूक २२:३४ मध्ये सांगतो. पण त्याच्या आधी, बत्तिसाव्या वचनात, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, असे त्याने सांगून ठेवले आहे; इतकेच नव्हे, तर परत वळल्यावर करावयाचे कामही नेमून दिले आहे. त्या रात्री पेत्र बाहेर जाऊन फार रडला. नाकारणे अटळ होते म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली नाही. आपल्या घरसभेत हा विषय घ्यावयाचा झाल्यास कईलाचा उतारा आणि हा उतारा एकाच बैठकीत वाचावेत, आणि बत्तिसावे वचन चौतिसाव्याच्या आधी का आले, हे तरुणांना विचारावे.