गुच्छीची पारख

काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड या डोंगरी मुलखांत बर्फ वितळून देवदाराच्या छायेतील भूमी फाल्गुन-चैत्राच्या सुमारास किंचित उबदार होऊ लागली, की पालापाचोळ्यातून गुच्छी ही रानअळंबी डोके वर काढते, आणि उंचीच्या मानाने मागेपुढे होत तिचा हंगाम वैशाखापर्यंत चालतो. आपल्याकडे रानातली अळंबी म्हणजे पावसाळ्याचा जिन्नस. त्यामुळे सोलनच्या अळंबी संशोधन संचालनालयात प्रशिक्षणास जाणाऱ्या, अथवा सुक्या गुच्छीचा व्यवहार करू इच्छिणाऱ्या मराठी उत्पादकाची नजर या वाणाला सरावलेली नसते, आणि येथे नजरचुकीचे मोल प्राणांनी द्यावे लागण्याचा संभव असतो.

खऱ्या गुच्छीच्या टोपीवर मधाच्या पोळ्यासारखे खोल खळगे असून तिची खालची कड देठाशी जुळलेली असते. परंतु केवळ बाह्य रूपावर विसंबणे सर्वथा अनुचित होय. प्रत्येक नग शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरावा. टोपी व देठ मिळून आत एकच सलग पोकळी दिसली, तरच तो पुढील विचारास पात्र समजावा. याच ऋतूत उगवणाऱ्या जायरोमित्रा या विषारी अळंबीच्या टोपीवर खळग्यांऐवजी वेड्यावाकड्या वळ्या असतात आणि आत कप्पे आढळतात; तिच्यातील द्रव्यापासून शरीरात मोनोमिथाइल हायड्रॅझीन हे विष निर्माण होऊन काही तासांनी वांत्या सुरू होतात व पुढे यकृतास इजा पोहोचते, आणि शिजवल्याने हा धोका पूर्णपणे टळत नाही. वर्पा नामक दुसऱ्या अळंबीची टोपी देठाच्या केवळ शेंड्याला चिकटलेली असते. काही खऱ्या जातींचीही कड अर्धी सुटी असते खरी, तथापि नवख्याने असा नग टाकूनच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पारख बिनचूक ठरली तरी खबरदारी संपत नाही, कारण कच्ची गुच्छीही बाधते. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात 2023 साली एका उपाहारगृहातील कच्ची व अर्धकच्ची गुच्छी खाऊन 51 जण आजारी पडले आणि त्यांपैकी दोघे दगावले. म्हणून ताजी असो वा सुकी, ती आतपर्यंत पूर्ण शिजवावी. जुन्या सफरचंदाच्या बागांत, जेथे पूर्वी शिसे व सोमलयुक्त औषधांची फवारणी झाली असेल, तेथील गुच्छी वेचू नये. वनात वेचणी करण्यापूर्वी वनखात्याचा नियम व गावाची वहिवाट विचारून घ्यावी. सुका माल घेताना काही नग चिरून पाहण्याचा आग्रह धरावा. ताज्या मालाचे वजन वाळल्यावर सुमारे एक दशांश उरत असल्याने भाव चढा असतो, आणि चढ्या भावापायी भेसळीचा मोह होतो.

अळंबी खाल्ल्यावर मळमळ, वांत्या वा पोटशूळ झाल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता, उरलेला नग सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.