खेळाचा सर्व्हर आणि स्मृतीची अदलाबदल

स्वीडनमधील मोजांगचा ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ अनेक खेळाडू एकाच वेळी खेळतात, तेव्हा त्या सामाईक जगाचा हिशेब सर्व्हर सेकंदाला २० वेळा मांडतो. प्रत्येक फेरीस ५० मिलिसेकंद मिळतात. हा अवधी वारंवार उलटला, की पडद्यावरील प्राणी जागीच थबकतात आणि फोडलेला ठोकळा पुन्हा उभा दिसतो. दोष बहुधा इंटरनेट जोडणीस दिला जातो. मूळ मात्र पुष्कळदा स्मृतीच्या व्यवस्थेत असते.

मुख्य स्मृती अपुरी पडू लागली, की कमी वापरातील मजकूर चकतीवर हलविला जातो. यालाच ‘स्वॉप’ म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. मँचेस्टर येथे १९६२ साली कार्यान्वित झालेल्या ‘ॲटलस’ संगणकात मुख्य स्मृती व चुंबकीय ड्रम मिळून एकच स्मृती असल्याचा भास निर्माण केला होता. स्मृती महाग असण्याच्या त्या काळात ही मोठीच सोय होती. परंतु वेगातील अंतर आजही उरले आहे. रॅम सुमारे १०० नॅनोसेकंदांत उत्तर देते. फिरत्या चकतीस सुमारे १० मिलिसेकंद लागतात. असे पाच हेलपाटे झाले, की फेरीचा सारा वेळ संपला! एसएसडी पुष्कळच जलद, तरीही रॅमहून शेकडो पटींनी मंद. शिवाय या खेळाची मूळ आवृत्ती जावा भाषेत आहे. जावाची सफाई-यंत्रणा वेळोवेळी आपल्या ताब्यातील स्मृती चाळते आणि चकतीवर गेलेला मजकूर नेमका तेव्हाच परत मागविते.

लिनक्समध्ये ‘स्वॉपिनेस’ हा आकडा या व्यवहाराचे धोरण ठरवितो. त्याचे प्रचलित मूल्य ६० असते. स्मृती ६० टक्के भरली की स्वॉप सुरू होतो, हा समज चुकीचा आहे. जागा मोकळी करताना कार्यक्रमांचा मजकूर हलवावा की फायलींच्या साठवलेल्या प्रती टाकून द्याव्यात, याचा कल तो आकडा दर्शवितो. खेळाच्या सर्व्हरसाठी तो १० च्या आसपास ठेवणे इष्ट. सिसीटीएलच्या फायलीत त्याची नोंद केली नाही, तर यंत्र पुन्हा सुरू होताच ६० परत येतो.

काही व्यवस्थापक स्वॉप समूळ बंद करतात. हे धाडसच होय. स्मृती पूर्ण संपली, तर लिनक्स एखादा कार्यक्रम सक्तीने बंद करते आणि सर्वाधिक स्मृती व्यापणारा सर्व्हरच बहुधा त्याला बळी पडतो. अखेरच्या जतनानंतर खेळाडूंनी उभारलेले सारे नाहीसे होते. म्हणून एक-दोन गिगाबाइट स्वॉप राखून ठेवावा. आठ गिगाबाइटच्या यंत्रावर जावास आठही देऊ नयेत. पाच-सहा पुरेत, कारण नेमून दिलेल्या मर्यादेबाहेरही जावा काही स्मृती वापरते.

‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञेतील ‘एसआय’ व ‘एसओ’ हे रकाने पाहावेत. स्वॉपमध्ये काही मजकूर पडून असणे घातक नव्हे. खेळ चालू असताना हे आकडे सतत हलत असतील, तर मात्र स्वॉपिनेस आणखी उतरवून भागणार नाही. खेळाडूंची दृश्यमर्यादा कमी करावी अथवा रॅम वाढवावी.